विश्लेषण : वऱ्हाडातला पर्यटक किनाऱ्यावर पोहोचण्याआधीच कसा फसतो?

एप्रिल संपत आला, अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर गेला, कुलरमधले पाणी दुपारी बारालाच तापू लागले आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की वऱ्हाडातल्या घराघरांत समुद्राचा विषय निघतो. कापसाचे किंवा हरभऱ्याचे पैसे हाती असतात, बायांच्या भिशीचा नंबर लागलेला असतो, नोकरदाराची रजा मंजूर झालेली असते. चिखलदरा दरवर्षीचेच, यंदा गोवा किंवा मालवण, असे ठरते. बडनेरा, अकोला, शेगाव अशी थांबत जाणारी नागपूर-मडगाव विशेष गाडी थेट कोकणात उतरवते. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमानही सुरू झाले. समुद्र पूर्वीइतका दूर राहिलेला नाही.

पण दूर आहेच. अमरावतीहून मालवणला जाणारा माणूस आधी जाऊन हॉटेल पाहून येऊ शकत नाही. तिथे त्याचा मामा, साडू, वर्गमित्र नसतो. त्यामुळे खोली, गाडी, बोट, स्कूबा सगळे मोबाइलवर ठरते आणि सगळ्यासाठी आगाऊ पैसे मागितले जातात. कापसाच्या ढिगात हात घालून ओलावा किती हे सांगणारा माणूस बोटीचे भाडे वाजवी की अवाच्या सवा हे सांगू शकत नाही, कारण तो त्याचा बाजार नाही. किनाऱ्यावरच्या फसवणुकीचे मूळ या अंतरात आहे. भोळेपणाला उगाच दोष दिला जातो.

फसवणूक सुरू कुठे होते?

समजूत अशी, की गोव्याच्या वाळूत कोणी दलाल गाठतो आणि लुबाडतो. तसेही होते. पण मोठी रक्कम जाते ती गाडीत बसण्यापूर्वी, घरातल्या सोफ्यावर बसून. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. बनावट संकेतस्थळे, फेसबुक पाने, व्हॉट्सअ‍ॅप खाती आणि गूगलवरच्या पैसे देऊन केलेल्या जाहिराती यांच्या आधारे यात्रेकरू आणि पर्यटकांना गंडवले जात असल्याचे त्यात म्हटले होते. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधामची निवासव्यवस्था, हॉटेल, टॅक्सी आणि सहलींची पॅकेजेस यांचा त्यात उल्लेख होता. वऱ्हाडातून चारधामला जाणारे आणि गोव्याला जाणारे बहुतेकदा एकाच घरातले असतात. आजी-आजोबा तिकडे, नातवंडे इकडे. सापळा मात्र एकच.

तो साधारण असा लावला जातो. गोव्यातल्या एखाद्या खऱ्या बंगल्याची, तरणतलाव असलेल्या व्हिलाची छायाचित्रे उचलायची, इन्स्टाग्रामवर पान काढायचे आणि भाडे बाजारभावाच्या निम्मे सांगायचे. विचारणा आली की दुसऱ्या एका कुटुंबाचेही त्याच तारखांसाठी बोलणे चालले आहे, असे सांगायचे. निम्मी रक्कम आगाऊ मागायची. ती मिळाली की 'जीएसटी नोंदणीसाठी' किंवा 'परत मिळणाऱ्या अनामत रकमेसाठी' आणखी काही हजार मागायचे. कुटुंब मडगावला उतरून टॅक्सीने दिलेल्या पत्त्यावर जाते. तिथे तो बंगलाच नसतो. किंवा असतो, पण त्याच्या मालकाला या बुकिंगचा पत्ता नसतो. गोवा पोलिसांच्या सायबर विभागाने अशा प्रकारांबाबत पर्यटकांना वेळोवेळी सावध केले आहे.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण तीत हॉटेल खरे असते. नकाशावर किंवा शोधयंत्रात त्या हॉटेलच्या नावासमोर दूरध्वनी क्रमांक मात्र भामट्याचा चढवलेला असतो. ग्राहक हॉटेलशी बोलतो आहे असे समजून भामट्याशी बोलतो. 'रिसेप्शनवरून बोलतोय' हे वाक्य कोणालाही म्हणता येते.

यावर उपाय फार अवघड नाही, फक्त थोडा कंटाळवाणा आहे. हॉटेलचा क्रमांक दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पडताळायचा. छायाचित्र गूगल लेन्सवर टाकून ते आणखी कुठे कुठे झळकते हे पाहायचे. एकच तरणतलाव पाच वेगवेगळ्या नावांच्या व्हिलांत दिसला तर पुढे बोलण्याची गरजच नाही. मालकाला व्हिडीओ कॉलवर फाटकापासून खोलीपर्यंत चालायला सांगायचे. खरा मालक कुरकुरेल, पण दाखवेल. पैसे पाठवताना यूपीआयवर समोर येणारे नाव वाचायचे. हॉटेलचे नाव एक आणि खाते भलत्याच व्यक्तीच्या नावाचे असेल, तर बोट तिथेच थांबले पाहिजे. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून नोंदणी कोणाच्या नावावर, कुठे आणि केव्हा झाली हे फुकटात पाहता येते. त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. 'कळंगुटमध्ये आमचेच हॉटेल आहे' म्हणणाऱ्याचा क्रमांक तिसऱ्याच राज्याचा निघाला, तर कारण विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. गोव्यात हॉटेल आणि पर्यटकांना दिली जाणारी निवासस्थाने यांची पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागितला की खोटा माणूस सहसा विषय बदलतो.

पैसे 'परत' करण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, असे कोणी सांगत असेल तर तो परत देत नाही, घेतो आहे. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की त्याचा कंटाळा यावा, तरी लोक पिन टाकतातच. कारण त्या क्षणी आधीचे गेलेले वीस हजार डोळ्यांसमोर असतात.

'मोफत तीन रात्री गोवा' म्हणजे काय?

हा प्रकार समुद्रावर घडतच नाही. तो घडतो अमरावती, अकोला, नागपुरातल्या चांगल्या हॉटेलांच्या सभागृहात. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात कुपन भरलेले असते. आठवड्याभराने फोन येतो: तुमचा क्रमांक लागला, गोव्यात तीन दिवस दोन रात्री मोफत, व्हाउचर घ्यायला या, जेवण आमच्याकडे. अट एकच. नवरा-बायको दोघांनी यायचे. ही अट कशासाठी हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकटा आलेला माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटतो. दोघे आले की ती वाट बंद होते.

मग दोन-तीन तास सादरीकरण चालते. संगीत, टाळ्या, शेजारच्या टेबलावर कोणीतरी सदस्यत्व घेतल्याची घोषणा. मुलांच्या सुट्ट्यांबद्दल हळवे बोलणे. दहा किंवा वीस वर्षांसाठी दरवर्षी आठवडाभराची सुट्टी, किंमत लाखाच्या घरात, आणि सवलत फक्त आजच्यापुरती. पैसे नसतील तर क्रेडिट कार्डावर हप्ते. सही झाली की घरी जाऊन कराराची बारीक अक्षरे वाचली जातात. त्यात वार्षिक देखभाल शुल्क वेगळे, खोली उपलब्ध असेल तरच, सुट्टीच्या हंगामात नाही, रद्द केल्यास परतावा नाही, वाद झाल्यास दूरच्या शहरातला लवाद. 'मोफत' व्हाउचरवर प्रवासखर्च नसतो आणि नोंदणी शुल्क असते.

सदस्यत्वाच्या सगळ्याच योजना खोट्या असतात असे नाही. वर्षानुवर्षे नीट चालणाऱ्या कंपन्याही आहेत. पण जो सौदा उद्या सकाळी केला तर बिघडतो, तो आज संध्याकाळीही करण्याच्या लायकीचा नसतो. शेताचा तुकडा घेताना सात-बारा, फेरफार, चतुःसीमा पाहून चार माणसांना विचारणारा वऱ्हाडी माणूस इथे पनीर टिक्क्यावर दीड लाखाची सही करून येतो, याचे नवल वाटते. देशभरातल्या ग्राहक आयोगांनी अशा प्रकरणांत पैसे परत देण्याचे आदेश अनेकदा दिले आहेत. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलेले आहे.

किनाऱ्यावर पॅकेजचा खेळ कसा चालतो?

मालवण, तारकर्ली, देवबाग, दांडी या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत स्कूबा आणि जलक्रीडांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्थाही तारकर्लीतच आहे. शेकडो घरांची चूल त्यावर पेटते. त्यातले बरेच जण मुळात मासेमारी करणारे. समुद्र त्यांना हाताच्या रेषांसारखा ठाऊक असतो.

अडचण होते ती ग्राहक आणि बोट यांच्यामधल्या माणसामुळे. रस्त्यात, हॉटेलच्या काउंटरवर, रिक्षात, इन्स्टाग्रामवर तो भेटतो. 'स्कूबा, पॅरासेलिंग आणि पाच गेम' असा एकच आकडा सांगतो. पैसे घेतो, कागदाचा चिटोरा देतो आणि पुढच्याकडे सोपवतो. पुढचा म्हणतो, पॅरासेलिंग त्यात नव्हते. व्हिडीओचे वेगळे. बोटीचे वेगळे. पाच गेम म्हणजे बनाना, बम्पर, जेट स्की यांची एकेक छोटी फेरी. मोजली तर एकेक फेरी मिनिटा-दोन मिनिटांची. चिटोऱ्यावर यातले काहीच लिहिलेले नसते. ज्याने आकडा सांगितला तो तोवर पुढच्या गाडीपाशी उभा असतो.

स्कूबाच्या बाबतीत शब्दच फसवा आहे. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला जे करायला मिळते ते प्रशिक्षित पाणबुड्याचे डायव्हिंग नव्हे. उथळ पाण्यात, प्रशिक्षकाने धरून ठेवलेल्या अवस्थेत, काही मिनिटांचा तो अनुभव असतो. तो आनंदाचा असू शकतो, पण 'तासभराचा स्कूबा' ही जाहिरात त्याला लागू होत नाही. बोटीत बसणे, कपडे चढवणे, आपला नंबर येईपर्यंत थांबणे हे सगळे त्या तासात धरलेले असते. पाण्याखाली नेमकी किती मिनिटे, हे आधी विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलेले बरे. दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब, कानाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांविषयी जो चालक विचारत नाही, त्याच्याकडे पाण्यात उतरू नये. ज्याने विचारले त्याच्याशी खोटे बोलू नये. पैसे दिले आहेत म्हणून सर्दीने चोंदलेल्या नाकानिशी खाली जाणारेही असतात, आणि मग कान धरून बसतात.

गोव्यात डॉल्फिनची फेरी. 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत' ही हाळी तिथली जुनी. लाटेआड काळपट पाठ क्षणभर चमकली की अट पूर्ण झाली, मग ती कोणी पाहिली असो वा नसो. परताव्याची भाषा ऐकून खूश होण्यापेक्षा फेरी किती वेळाची, बोटीत माणसे किती, हे विचारणे जास्त उपयोगाचे. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 'जवळून दाखवतो' म्हणत बोट त्याच्या अंगावर घालणारा ग्राहकाची सेवा करत नसतो, कायदा मोडत असतो.

रात्रीचा एक प्रकार आहे. त्याबद्दल घरी कोणी बोलत नाही म्हणून तो चालतो. मित्रांची टोळी बागा-कळंगुटच्या रस्त्यावर फिरत असते, कोणीतरी कानात कुजबुजून क्लबमध्ये नेतो, 'प्रवेश फुकट' म्हणतो आणि आत बिल हजारांत होते. बाहेर पडताना दारात धिप्पाड माणसे उभी असतात. कार्डाचा पिन तिथेच टाकला जातो. परतीच्या गाडीत सगळे ठरवतात की हे अकोल्यात कोणाला सांगायचे नाही.

स्वस्तात नेमके काय कापले जाते?

दोनशे-चारशे रुपयांची घासाघीस करून मिळालेल्या सवलतीचा अभिमान बाळगला जातो. पण बोटीचे डिझेल, इंजिनाची देखभाल, प्रशिक्षित माणसाचा पगार, विमा, परवाना यांचा खर्च ठरलेला असतो. भाडे त्याखाली गेले की कात्री यांपैकी कशाला तरी लागते. बोटीत बसलेल्याला ती दिसत नाही. दिसते ती समुद्र खवळल्यावर.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली. बोटीत सुमारे २० पर्यटक होते. दोघांचा जीव गेला. त्यांतला एक तरुण अकोल्याचा होता. त्या दुर्घटनेला फसवणूक म्हणणे चुकीचे ठरेल. पावसाळ्याच्या तोंडावरचा समुद्र अचानक बदलतो. पण बोटीत किती माणसे घ्यायची, लाइफ जॅकेट कोणी आणि कधी घालायचे, परवाने कोण तपासते, हंगाम कधी थांबवायचा, हे प्रश्न त्यानंतर जोरात विचारले गेले. ते बोटीत चढण्यापूर्वीही विचारता येतात.

गोव्यातही तेच. २५ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळात, कळंगुटजवळ पर्यटकांची बोट उलटली. एकाचा मृत्यू झाला, २० जणांना वाचवण्यात आले. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच १८ जानेवारी २०२५ रोजी पेडणे तालुक्यातल्या केरी येथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याची २७ वर्षांची तरुणी आणि तिच्यासोबतचा चालक दोघेही दरीत कोसळून दगावले. व्यवसाय परवान्याविना चालत असल्याचे समोर आले आणि मालकावर गुन्हा नोंदवला गेला. त्या तरुणीने पैसे मोजले होते ते साहसासाठी. परवाना, तपासणी, प्रशिक्षण या गोष्टी त्या पैशात आहेत असे कोणीही गृहीत धरेल. त्या नव्हत्या. विकलेली वस्तू डब्यात नसणे याला बाजारात फसवणूकच म्हणतात.

म्हणून पर्यटकांच्या फसवणुकीकडे 'चला, दोन हजार गेले' एवढ्यापुरते पाहणे बरोबर नाही. परवान्याची प्रत मागणारा ग्राहक खडूस वाटतो, हे खरे. महाराष्ट्रात जलक्रीडा आणि प्रवासी बोटींना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रत्येक बोटीची प्रवासीक्षमता ठरवून दिलेली असते. बोटीत चढताना माणसे मोजायला दहा सेकंद लागतात. लाइफ जॅकेट अंगावर चढवून पट्टे आवळून पाहायचे, मुलांना मुलांच्या मापाचे मागायचे, आणि परतताना 'आता किनारा आला' म्हणून कोणी ते काढायला सांगितले तरी काढायचे नाही. बोटी उलटतात त्या पुष्कळदा किनाऱ्याजवळच, लाटा फुटतात तिथे.

हंगामाचेही तसेच. कोकणात मेच्या अखेरीस जलक्रीडा आणि किल्ल्याच्या फेऱ्या बंद होतात, त्या थेट पावसाळा सरल्यावर सुरू होतात. जून-जुलैत 'ऑफ सीझन सवलत' म्हणून कोणी समुद्रात न्यायला तयार असेल, तर ती सवलत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे इथली बरीच कुटुंबे नेमकी मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात. उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत वऱ्हाडच्या पर्यटकाला खवळलेल्या समुद्राशी जास्त गाठ पडते, ती या वेळापत्रकामुळे.

भाड्याची गाडी घेताना काय पाहायचे?

पाटी. गोव्यात भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या दुचाकी आणि स्वतः चालवायच्या मोटारींची पाटी काळी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी शे-दोनशे रुपये स्वस्त मिळते. पण तपासणीत ती पकडली गेली तर फिरणे तिथेच संपते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, पेट्रोलच्या काट्यासह व्हिडीओ काढून मालकाच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्यावा. परत देताना 'हा ओरखडा नवीन' हे वाक्य मग निघत नाही. पटायाला जाणाऱ्यांनी हे जेट स्कीबाबतही करावे. तिथल्या ओरखड्यांची कीर्ती जगभर आहे. मूळ आधार कार्ड किंवा पासपोर्ट तारण म्हणून कोणाकडेही ठेवू नये.

तक्रार का होत नाही?

'जाऊ द्या ना बापा, दोन हजारांसाठी कोण ठाण्यात जाते!' या एका वाक्यावर हा सगळा धंदा तरलेला आहे. फसवणूक करणाऱ्याला पर्यटकाचे गणित पाठ असते. त्याच्याकडे चार दिवस आहेत, त्यातला एक चौकीत घालवायची त्याची तयारी नाही. परतीचे तिकीट काढलेले आहे. एकदा गाडीत बसला की तो बाराशे किलोमीटरवरून काय करणार? शिवाय लाज. चारचौघांत शहाणा समजला जाणारा माणूस गोव्यात उल्लू बनला हे कॉलनीत कळले तर हसे होईल, म्हणून तो गप्प राहतो. इतकेच नाही, तर 'मस्त झाली ट्रिप' म्हणून त्याच पॅकेजचा फोटो स्टेटसला ठेवतो. तो पाहून शेजारचा त्याच माणसाला फोन लावतो.

यातला एक भाग सरकारी आहे. मालवणच्या धक्क्यावर किंवा बागाच्या वाळूत उतरणाऱ्याला अधिकृत दरांचा, परवानाधारक चालकांच्या नावांचा आणि तक्रारीच्या क्रमांकाचा ठळक फलक दिसला पाहिजे. तो दिसला तर अर्धे दलाल आपोआप बेकार होतील. गोव्याने निदान कायदा कडक केला. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि दलाली, अनधिकृत ठिकाणी तिकीटविक्री अशा उपद्रवांसाठी दंड ५ हजार ते १ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. महाराष्ट्रात धोरण आहे, नोंदणी आहे. पण ती नोंदणी पर्यटकाला बोटीवर पाहायला मिळत नाही. वाहनाला क्रमांकाची पाटी सक्तीची करता येते, तर जलक्रीडेच्या प्रत्येक बोटीवर परवान्याचा क्रमांक, मुदत आणि प्रवासीसंख्या हातभर अक्षरांत रंगवायला काय हरकत आहे? नीट परवाना काढून, विमा भरून व्यवसाय करणाऱ्या मालवणी माणसाचाही त्यात फायदा आहे. स्वस्तातल्या बिनपरवाना शेजाऱ्याने पहिला गिऱ्हाईक पळवलेला असतो तो त्याचाच.

घरी परतल्यावर काय करता येते?

बरेच काही, आणि हे वऱ्हाडात फारसे माहीत नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर. तो जितक्या लवकर जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. भामटे पैसे काही तासांत चार खात्यांतून फिरवतात. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बँकेला त्याच वेळी कळवायचे. मात्र एक गैरसमज दूर झालेला बरा. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले की बँक नुकसान भरून देते, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरता आहे. भुलवून का होईना, पिन स्वतः टाकला असेल तर बँक सहसा त्याकडे बोट दाखवते. म्हणूनच १९३० चा फोन महत्त्वाचा. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सेवा न मिळाल्याच्या कारणावरून व्यवहाराला आव्हान देता येते. हॉटेलसाठी यूपीआयपेक्षा कार्ड बरे, ते याचसाठी.

'गुन्हा गोव्यात घडला, तिकडे जा' असे इथल्या ठाण्यात सांगितले गेले तर ते ऐकून परत येण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, जवळच्या ठाण्यात देता येते. पैसे पाठवले ते राजापेठेतल्या किंवा जठारपेठेतल्या घरातून, ही बाबही तक्रारीत ठळक लिहावी.

पैसे घेऊन ठरलेली सेवा दिली नाही, खोली भलतीच दिली, पॅकेजमधले निम्मे गेम झालेच नाहीत, अशी तक्रार पोलिसांची नसून ग्राहक आयोगाची असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केलेला मोठा बदल म्हणजे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातच तक्रार दाखल करता येते. कळंगुटच्या हॉटेलला अकोल्याच्या आयोगाची नोटीस जाऊ शकते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे अशी सक्ती नाही आणि मुदत २ वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर कित्येकदा नोटिसीपर्यंत जावेच लागत नाही. मोठी बुकिंग संकेतस्थळे तिथल्या तक्रारींना उत्तर देतात. सहलीत असतानाच अडचण आली तर पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, आणि कोणी दार अडवून उभा असेल तर ११२.

आयोगापुढे बोलतो तो कागद. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चिटोरा, प्रत्यक्ष खोलीचे किंवा बोटीचे छायाचित्र. भांडण झाल्यावर रागाने तो क्रमांक ब्लॉक करून संभाषण पुसून टाकणारे बरेच असतात. पुरावा तिथेच संपतो. 'स्कूबा १२ मिनिटे, पॅरासेलिंग धरून, व्हिडीओसह, चौघांचे एकूण इतके' असा एक संदेश आदल्या रात्री पाठवून समोरच्याकडून 'ओके' घेऊन ठेवले, तर दुसऱ्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर वाद घालायची वेळ बहुधा येत नाही. आणि तो 'ओके' द्यायला समोरचा टाळाटाळ करू लागला, तर मालवणच्या बाजारात दुसरा चालक शोधायला अजून अख्खी रात्र असते.